दिग्या, तुझ्या लाल पुडीचं सगळ्यांना सांगतोय

दिग्या, तुझी शोकसभा झाली. कांजूरमार्गला, तुमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये. खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या, कारण वारा डम्पिंग ग्राउंडकडून होता. आतलं बोलणं ऐकून वाटलं, उघड्या ठेवल्या असत्या तरी चाललं असतं, दोन्हीकडचा वास सारखाच होता. सेक्रेटरी म्हणाला, दिगंबरराव म्हणजे सत्यवचनी माणूस. मी पाणी पीत होतो, ते नाकातून बाहेर आलं. दुसरा म्हणाला, कुणाचं मन न दुखावणारा. अरे, अठ्ठावीस वर्षं तू रोज सकाळी नऊला दुकान उघडल्याबरोबर माझं मन दुखवायचास, तेसुद्धा चहा यायच्या आत! फोटोत तुझे गाल गुबगुबीत दिसत होते. ती सूज होती हे त्या हॉलमध्ये सुनंदावहिनींना आणि मला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. मागच्या रांगेतला एकजण हळहळला, “काय तब्येत होती हो!”

मग मला उभं केलं. मी दोन वाक्यं बोललो आणि बसलो. लोक चमकले. मांजर आडवं गेलं ते सांगायला मला चाळीस मिनिटं लागतात हे सगळ्या मुलुंडला माहीत आहे. त्यांना वाटलं, वसंता दुःखाने मुका झाला. मुका वगैरे काही नाही, तोंड उघडलं असतं तर शिव्याच पडल्या असत्या. त्या इथे लिहितो, नीट, सुवाच्य अक्षरात, कारण अक्षर हा आपला धंदा होता.

दोन पेंटर, मुलुंडच्या बाजारात एक गाळा, आणि त्यात एक बाक. मुलुंड ते घाटकोपर एकही दवाखाना नव्हता ज्याच्या दारावरचा डॉक्टर आपण जन्माला घातला नव्हता. काहींना तर डिग्री मिळायच्या आधी बोर्ड मिळाला. पुढे फ्लेक्स आले आणि आपली वाट लागली, तेव्हा वर्सोव्याच्या होड्यांनी जगवलं. खाऱ्या पाण्यात फ्लेक्स टिकत नाही, होडीला नाव हातानेच घालावं लागतं. खडूची दोरी ताणायची, टिचकी मारायची, रेघ उमटली की तुझं सुरू व्हायचं, “वश्या, तुझो लाल रडता हा.” माझा लाल रडतो? माझा लाल बघून भांडुपच्या तबेल्यातल्या म्हशी बिथरायच्या! तुझा लाल म्हणजे आजारी माणसाने विडा खाऊन थुंकल्यासारखा. या एका रंगावर आपण अठ्ठावीस वर्षं भांडलो. जगात खरा लाल एकच असतो आणि आपल्याला तो अजून मिळालेला नाही, असं तू म्हणायचास. एवढा माज? डब्यात जो आहे तो लावायचा आणि घरी जायचं!

आणि तो तुला मिळाला. कुर्ल्याला.

शिडीवर उभं राहून दोघांच्याही गुडघ्यांची माती झाली होती. कुणीतरी सांगितलं, टर्मिनसजवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एक पुडीवाला येतो, आतापर्यंत हजार गुडघे सरळ केलेत. गेलो. जिना इतका उभा की चढताना बरं व्हायला आलोय की मरायला, कळेना. पुडीवाल्याने कागद उघडला आणि दिग्या, तू गुडघे विसरलास! मी बघत होतो तुझ्याकडे. लग्नात वहिनींचा अंतरपाट दूर झाला तेव्हाही तुझा चेहरा असा झाला नव्हता. तो लाल... कुंकवात आग मिसळावी तसा. तू माझ्या कानात म्हणालास, “वश्या, ह्यो बघ. ह्यो!”

तुझ्यावर थुंकावंसं वाटतं ते इथे. पुडीवाला म्हणाला, नुसता झाडपाला आहे. पाल्यापाचोळ्यातून असा लाल निघतो होय रे? आपल्या दोघांना ब्रश धरायला शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच वर्षी हिंगुळाचा खडा दाखवला होता. “याच्यासारखा लाल नाही, पण हात लावलात तर जेवणाआधी तीनदा धुवा, यात पारा आहे.” तू नाटकीपणाने पाच वेळा हात धुतले होतेस! त्या दिवशी हात धुणारा तूच, आणि कुर्ल्याला तीच जात मधात कालवून चाटणारा तूच. शेतकऱ्याने फसावं, शिक्षकाने फसावं, पण पेंटरने लाल रंगाला फसावं?

पुडीवाल्याने पथ्य सांगितलं. उपाशीपोटी घ्यायची. आंबट बंद, म्हणजे सोलकढी गेली. अंगावर सूज आली तर घाबरायचं नाही, रोग बाहेर निघतोय समजायचं. आणि कुणाला सांगायचं नाही, डॉक्टरला नाही, बायकोला नाही. वाच्यता झाली की गुण गेला. बेलाचं पान हातात देऊन दोघांकडून वदवून घेतलं. काय अक्कल होती त्या माणसाची! विषही द्यायचं आणि विषाला कुलूपही लावायचं, आणि किल्ली आपल्यासारख्या गाढवांच्या तोंडात ठेवायची.

मला आठ दिवसांत गुण आला. म्हणजे मी तुला तसं सांगितलं. त्याकडे नंतर येतो.

चार महिन्यांनी वर्सोव्याला ओहोटीच्या वेळी वाळूत कलंडलेल्या होडीवर आपण नाव घालत होतो. होडीची मालकीण सुकट उलटीपालटी करताना ओरडली, “अगो बाय, पेंटरचे पाय बघा, पावासारखे फुगलेत!” तिने येऊन नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला तो भरेचना. त्यात वाटीभर पाणी राहिलं असतं. तू म्हणालास, “उन्हानं.” मग दुकानात एक दिवस हळूच सांगितलंस, लघवीला फेस येतो, बीअर ओतल्यासारखा. मी हसलो. आपण दोघेही हसलो. देवा!

वहिनींनी ओढत घाटकोपरला नेलं. किडनीची डॉक्टरीण वयाने आपल्या निम्मी, बोलायला वस्तरा. मी सोबत होतो. म्हणाली, “किडनीची गाळणी जाड झालीय आणि फाटल्यासारखी गळतेय. रक्तातलं प्रोटीन लघवीतून चाललंय. याला मेम्ब्रेनस म्हणतात. शरीरातल्या अँटिबॉडीज त्या जाळीवरच्या एका खुणेवर जाऊन बसल्यात. त्या खुणेला अँटिजेन म्हणतात. खूण कुठली ते कळलं, तर रोग कुठून आला याचा माग लागतो.”

तू विचारलंस, “खुणा किती असतात?”

“बऱ्याच सापडल्यात आणि अजून सापडतायत. बहुतेकांची असते ती पीएलए-टू-आर. ती असली की मागे दुसरं दुखणं सहसा नसतं. लुपस नावाचा आजार असलेल्यांची वेगळी. लहान मुलांत आणखी वेगळी. रक्तात आधी नेहमीची बघू.”

नेहमीची नाही निघाली. तू कुठे नेहमीचा माणूस! पाठीतून सुई घालून शेवईएवढा किडनीचा तुकडा काढला. तो रंगवून बघतात, माहीत आहे ना? काचेवर ठेवून, एकेका खुणेसाठी वेगळा रंग चढवून. हे ऐकल्यावर तू उठून बसलास आणि विचारलंस, “कुठला रंग?” मरणाच्या दारात पोचलेल्या माणसाची ही चौकशी! डॉक्टरीण पहिल्यांदा हसली.

रिपोर्ट घ्यायला आपण दोघंच गेलो तेव्हा मात्र हसली नाही. “खूण नेल-वन निघाली. ही निघाली की आम्ही दोन गोष्टी शोधतो. एक, अंगात कुठे कॅन्सर लपलाय का. दोन, पोटात किंवा अंगावर पारा जातोय का. गावठी औषध, भस्म, पुडी, गोरं व्हायची क्रीम. आठवून सांगा काका, असलं काही घेता?”

तुझ्या शर्टाच्या खिशात तेव्हा पुडी होती. मला तिचा कोपरा दिसत होता.

“छे!” तू म्हणालास.

दिग्या, तुझ्या त्या ‘छे’ला तोड नाही. हरिश्चंद्राला लाज वाटेल अशा चेहऱ्याने म्हणालास. वर माझ्याकडे बघितलंस. मी भिंतीवरचा किडनीचा तक्ता बघत होतो. अक्षरं भिकार होती.

मग सुरू झाली तुझ्यातल्या कॅन्सरची शोधाशोध. वरून दुर्बीण, खालून दुर्बीण, डोक्यापासून नखापर्यंत स्कॅन. शिवाजी महाराजांची तलवार शोधायला इतकं खणलं नसेल. वहिनींनी नवस बोलला, कॅन्सर निघू नये म्हणून तू बरा होईपर्यंत आंबा तोंडाला लावणार नाही. मालवणातून पेटी आली होती. ऐन मे महिन्यात ती बाई खाली बसून आंबे चिरायची, आल्यागेल्याच्या हातावर फोडी ठेवायची, आणि बोटं चाटायची नाही, पदराला पुसायची. तू समोर खुर्चीत बसून फोडी खात होतास. आंबट नाही म्हणून पथ्यात बसत होत्या ना! कॅन्सर नव्हताच. तुला तर ठाऊकच होतं. त्या फोडी तुझ्या घशाखाली गेल्या कशा, हे मला आजही कळत नाही. बाकी सगळं मी माफ करेन एखाद्या वेळी. ते नाही.

सगळे रिपोर्ट कोरे आल्यावर डॉक्टरणीने मला एकट्याला गाठलं, लिफ्टपाशी. “तुम्ही मित्र ना? खरं सांगा, काका काही घेतात का? नसेल तर मला जड औषधं सुरू करावी लागतील. असेल आणि ते थांबवलं, तर बहुतेकांचं हळूहळू उतरतं. महिने लागतात, पण उतरतं.”

तेव्हा मी काय केलं, ऐक. तुला आवडेल. मी म्हणालो, “मॅडम, दिग्या? अहो, हा माणूस दाढ दुखली तर क्रोसिन घेत नाही. एकदा शिडीवरून पडला, हाड बाहेर आलं, तर स्वतःच आत ढकललं आणि बोर्ड पुरा केला.” तिने माझ्याकडे जितका वेळ बघितलं तितक्या वेळात लिफ्ट दोनदा येऊन गेली. मग म्हणाली, “ठीक आहे. एक लक्षात ठेवा. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात. एकच पाय अचानक सुजला, दुखला, किंवा धाप लागली, तर एक मिनिट थांबायचं नाही.”

मी दुकानात आलो. तू बाकावर बसला होतास, पाय टेबलावर. शटर अर्धं खाली ओढून मी म्हणालो, “दिग्या, पुडीचं सांग त्या बाईला.”

“गप रव.”

“अरे, पारा आहे त्यात! तुला आणि मला ठाऊक होतं. मास्तरांनी दाखवला होता.”

“तुका काय कळता? सांगितलं की गुण जातलो.”

“कसला गुण? तुझे पाय बघ!”

“रोग बाहेर पडता हा. तो म्हणाला होता.” आणि मग तू ते वाक्य बोललास. “माझं सोड. तुझे गुडघे बघ ना मेल्या! सात मजले चढतंस.”

आता तुला माहीत नाही ते सांगतो. पहिल्या दिवशी पुडी जिभेला लावली आणि मला मळमळलं. शिवाय सोलकढीवाचून मी जगू शकत नाही. माझ्या वाट्याच्या सगळ्या पुड्या मी एकेक करून टर्पेंटाइनच्या जुन्या डब्यात ओतल्या. पण तू विचारलंस, “काय, फरक?” तेव्हा मला साधं बोलता येईना. माझं तोंडच तसं आहे. म्हणालो, “फरक? काल आमच्या बिल्डिंगचे सात मजले चढलो, दोन-दोन पायऱ्या एकदम, आणि वर गच्चीवरून पोरांचा अडकलेला पतंग काढून दिला.” तुझे डोळे असे लकाकले की पुढच्या आठवड्यात मी पतंगाच्या जागी पाण्याची टाकी चढलो. मग एकदा बस पकडायला धावलो. माझ्या गुडघ्यांनी त्या चार महिन्यांत जे पराक्रम केले ते कुठल्या पहिलवानाच्या गुडघ्यांनी केले नसतील. तू ऐकायचास, आणि सकाळी मध जरा जास्त घालायचास.

त्या दिवशी शटर अर्धं खाली होतं, तिसरं माणूस नव्हतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की मी एकही पुडी घेतलेली नाही. ओठांपर्यंत आलं. पण मग तू हसला असतास. सात मजले, पतंग, टाकी, सगळं तू बाजारभर सांगितलं असतंस, आणि पुढची अठ्ठावीस वर्षं मला ऐकावं लागलं असतं. मी म्हणालो, “मर जा तिकडे!” आणि शटर वर ढकललं.

तू ऐकलंस. माझं एकदाच ऐकलंस, आणि तेही नेमकं हे.

मंगळवारी तू दुकानात आलाच नाहीस; घरी तुझा डावा पाय उजव्याच्या दुप्पट झाला होता. वहिनींना तू सांगितलंस, रोग आता एकाच पायातून निघतोय, म्हणजे संपत आला. बुधवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर बसलास आणि म्हणालास, “वश्या, दम लागलो रे.” रिक्षा घाटकोपरपर्यंत पोचली. तू नाही पोचलास.

शोकसभा संपल्यावर वहिनींनी मला वर नेलं. चहा दिला. आणि कपाटातून तुझा तो जुना ऑइलपेंटचा डबा काढला, झाकणावर लाल बोटांचे ठसे असलेला. उघडला. आत पुड्या, व्यवस्थित रबर लावलेल्या. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला. म्हणाल्या, “भाऊजी, हे सापडलं कपड्यांखाली. वर लिहिलंय ‘गुडघे’. तुम्ही दोघं घेत होतात ना? यांनी एकदा झोपेत बडबडताना सांगितलं, वश्याला गुण आला म्हणून. यांच्या मागे टाकवेना. माझेही गुडघे गेलेत. सहा दिवस झाले, घेतेय. मध नाही घालत, मला गोड चालत नाही.” आणि मग अगदी साधेपणाने, “तुम्हाला खरंच गुण आला ना?”

माझ्या तोंडात सात मजले तयार होते. दिग्या, शपथेवर सांगतो, सवयीने पतंगसुद्धा तयार होता.

मी म्हणालो, “वहिनी, मी एकही पुडी खाल्ली नाही. यात पारा आहे. दिग्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. डॉक्टरणीने त्याला विचारलं, मला विचारलं. आम्ही दोघे खोटं बोललो. आणि मी त्याच्याशी वेगळं खोटं बोललो.”

त्या रडल्या नाहीत. माझ्यासमोरचा चहाचा कप उचलला आणि मोरीत ओतला. तशाच पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, “मी आंबा सोडला. आणि यांना पुडी सोडवेना.” मग कप विसळून पालथा घालत, “चला. चप्पल घाला. त्या डॉक्टरणीकडे.”

डॉक्टरणीने डबा उघडून बघितला, मग मला. “दोनदा विचारलं होतं मी,” एवढंच म्हणाली. त्या पोरीच्या नजरेत माझ्यासाठी जे होतं ना, ते मी तुझ्यासाठी या कागदावर ओततोय आणि तरी मला पुरून उरतंय. वहिनींची लघवी तपासली. अजून स्वच्छ आहे. महिन्याने पुन्हा, मग पुन्हा. पुडी प्रयोगशाळेत पाठवली. पाराच निघाला. मास्तर बरोबर होते.

वहिनींनी डबा माझ्या हातात दिला. “त्या पुडीवाल्याकडे अजून माणसं येत असतील. जा.”

तुझ्याबद्दल चांगलं बोलायचंच तर एक गोष्ट आहे, आणि ती शोकसभेत कुणी बोललं नाही. अठ्ठावीस वर्षं माझ्या शिडीचं खालचं टोक तू धरायचास. वर मी, खाली तू. शिव्या घालायचास, माझा लाल रडतो म्हणायचास, विडी ओढायला एका हाताने धरायचास, पण सोडलं नाहीस. एकदाही नाही. मी वरून पडेन अशी भीती मला कधी वाटलीच नाही. आणि तू चढायचास तेव्हा खाली मी असायचो, गप्पा मारत.

या दुसऱ्या रविवारी कुर्ल्याला गेलो. तोच जिना. दर पायरीला थांबलो. वर सातआठ जण ओळीने बसले होते, प्रत्येकाच्या हातात बेलाचं पान. पुडीवाला आत होता. मी डबा उघडला आणि सांगितलं. तुझं नाव सांगितलं, तुझे पाय, फेस, सुई, खूण, गुठळी, सगळं. एकही मजला वाढवला नाही. एक म्हातारा खवळला, “वाच्यता केलीत! आमचापण गुण घालवलात!” आणि मला जिन्याकडे ढकलायला लागला. दोघं मान खाली घालून तिथेच बसून राहिले. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

एक बाई उठली, चाळिशीची, हातात मोजे. पाय इतके सुजलेले की मोज्याच्या रबराची खूण मांसात रुतून बसली होती. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “पण काका, तुम्ही एवढा जिना चढून आलात. तुम्हाला गुण आला असेल ना?”

मी कठडा धरून उभा होतो, दिग्या. तुझ्यासारखं खालून धरायला कुणी नव्हतं.

“नाही गं बाई,” मी म्हणालो. “माझे गुडघे दुखतात. पहिल्या दिवसापासून दुखतायत.”